तळ्याला तेवढे दार लावा

आपल्याकडे एखादी वस्तू कोठे ठेवायची हे त्या वस्तूच्या उपयोगावरून कधीच ठरत नाही. वीस वर्षांची नोकरी आणि सतरा वर्षांचा संसार यांतून काढलेला हा निष्कर्ष आहे. फ्रीज बाहेरच्या खोलीत असतो, कारण आल्यागेल्याला तो दिसला पाहिजे. शिवणयंत्र खिडकीपासून सर्वांत लांबच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असते, कारण खिडकीपाशी दिवाण असतो आणि दिवाणावर आमचे वडील असतात. आमच्या शाखेत 'चौकशी' अशी पाटी असलेले टेबल अशा जागी आहे, की ते कोठे आहे याची चौकशी प्रत्येकाला माझ्या खिडकीवर येऊन करावी लागते. यात कुणाचे फारसे बिघडत नाही. फ्रीज बाहेरच्या खोलीतही गारच करतो.

पण काही वस्तूंची जागा चुकली तर नुसती गैरसोय होऊन भागत नाही, घरातले माणूस जाते. अशाच एका वस्तूबद्दल मला आज भांडायचे आहे. विषय आहे : आपल्या आवारात पोहण्याचा तलाव कोठे बांधावा.

वाचक हसतील, हे मला ठाऊक आहे. बँकेतल्या कारकुनाच्या आवारात नळाखाली ठेवलेल्या बादलीपलीकडे जलाशय असत नाही, आणि तीही पाणी येण्याच्या दिवशीच भरते. परंतु वाचकहो, शहरातल्या बंगलेवाल्यांचा हेवा करण्याचे दिवस गेले. आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर, पण एसटीच्या रांगेत अजून नगरच) मळ्यामळ्यांतून असे तलाव झाले आहेत. त्यांना शेततळे म्हणतात. २०१६ साली राज्य सरकारने 'मागेल त्याला शेततळे' अशी योजनाच काढली आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. मागेल त्याला कर्ज असे आम्ही बँकवाल्यांनी कधी म्हटल्याचे आठवत नाही. तेव्हा योजनेचे नाव मला पहिल्यापासून आवडले.

तळ्याचे गणित सोपे आहे. वरची तोंडे तीस मीटर बाय तीस मीटर, खोली तीन मीटर, बाजू उतरत्या. आत मावते सुमारे बावीस लाख लिटर पाणी. पावसाळ्यात किंवा पाटाला आवर्तन असताना भरून ठेवायचे, आणि उन्हाळ्यात ठिबकने पिकाला थेंब थेंब द्यायचे. म्हणजे ही पाण्याची मुदत ठेवच झाली. अशा ठेवीने डाळिंबाच्या बागा वाचल्या आहेत, टँकरच्या मागे धावणे थांबले आहे. शेततळ्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. माझे भांडण आहे ते जागा निवडणाऱ्यांशी.

माझी सासुरवाडी शनिशिंगणापूर. नगरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटर, तालुका नेवासा. गावाची ख्याती अशी की तिथल्या घरांना दारे नाहीत. चौकट आहे, पडदा आहे, पण दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करतो अशी श्रद्धा आहे. २०११ साली युको बँकेने इथे शाखा काढली तेव्हा तीही कुलपाविना चालणारी शाखा म्हणून देशभर गाजली. ती बातमी वाचल्यावर आमच्या हेड कॅशियरना रात्री झोप लागली नाही. २०१५ साली गावाला पोलीस ठाणे मिळाले. तिथे काम किती असते ते मला ठाऊक नाही, पण दार नसलेल्या गावात तक्रार द्यायला जाताना निदान दार ठोठवावे लागत नसेल.

तर आमचे मेहुणे, सौ.चे थोरले बंधू, ज्यांना सगळा गाव आणि मीही आबा म्हणतो, त्यांनी गेल्या दिवाळीत मळ्यात शेततळे घ्यायचे ठरवले. जागा ठरवण्यासाठी बैठक बसली. बँकेतला माणूस म्हणून मला बोलावले होते. बँकेतल्या माणसाला अनुदानातले सगळे कळते असा गावाकडे समज आहे आणि मी तो आजवर मोडलेला नाही.

पहिले बोलले वास्तूचे जाणकार. पाणी ईशान्येला असावे, नैर्ऋत्येला असले की लक्ष्मी टिकत नाही, असा त्यांचा दाखला. मी टाचणवहीवर आकडेमोड केली. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे धरले, तर नऊशे चौरस मीटरच्या तळ्यातून रोज सात हजार दोनशे लिटर पाणी सूर्यनारायण उचलून नेतो. सरकारच्या माणशी पंचावन्न लिटरच्या हिशेबाने एकशे तीस माणसांचे पाणी झाले. तो ईशान्येचे नेतो आणि नैर्ऋत्येचेही नेतो. लक्ष्मी टिकते की नाही ते दिशेवर नाही, महिन्यावर आहे. हे मी मनात म्हटले. सासुरवाडीत जावयाने मनात बोलावे.

मग चुलत मेहुण्यांचे म्हणणे पडले की तळे डीपीजवळ घ्या, केबल कमी लागेल. पोकलेनवाल्याने सुचवले की तळे बांधाच्या अलीकडे घ्या, मशीन आत न्यायला रस्ता आहे. (त्याला काम झाल्यावर मशीन बाहेरही काढायचे होते, एवढाच त्यातला तत्त्वविचार.) कुणी म्हणाले उंचावर घ्या, पाणी आपोआप उतरेल. कुणी म्हणाले सखल जागी घ्या, पाणी आपोआप येईल. दोन्हीही बरोबर होते, म्हणून तासभर भांडण चालले.

शेवटी आबांचा धाकटा चिरंजीव उठला. हा शेतकीची पदविका घेऊन आला आहे आणि मोबाईलवर जग बघतो. तो म्हणाला, "घरापुढंच घेऊ ना! कडेला चार खुर्च्या टाकू, लाइटिंग करू. हुरड्याला पाव्हणे आले की पोहतील. आपला स्विमिंग पूलच झाला की!"

सगळ्यांचे डोळे चमकले. पोहण्याचा तलाव! तोही अनुदानात! आबांनी माझ्याकडे पाहिले. "काय दाजी, कसं काय वाटतंय?"

आणि इथून माझे भांडण सुरू होते.

कारण त्या बैठकीत दिशा निघाली, डीपी निघाला, पोकलेन निघाले, पाहुणे निघाले. समोरच्या पडवीत आबांची दोन नातवंडे गोट्या खेळत होती, एक पाच वर्षांचे, एक सात वर्षांचे. त्यांचा विषय कुणी काढला नाही. ती कशी चालतात, कुठून कुठे जातात, चेंडू गेला की कुठवर पळतात, याचा नकाशा त्या टेबलावर नव्हता.

पोहण्याचा तलाव आणि शेततळे यांत फरक काय? तलावाला उथळ बाजू असते, पायऱ्या असतात, धरायला नळी असते, आणि शिट्टी घेऊन बसलेला एक माणूस असतो. शेततळ्याला यांतले काहीही नसते. त्याला चारी बाजूंनी पंचेचाळीस अंशांचा उतार असतो आणि त्यावर पाचशे मायक्रॉनचे गुळगुळीत प्लॅस्टिक. ते ओले झाले आणि त्यावर शेवाळ धरले की साबण लावलेल्या परातीसारखे होते. आत पडलेला माणूस काठापर्यंत येतो, हात टेकतो, आणि घसरतो. पुन्हा येतो, पुन्हा घसरतो. पोहता येत असले तरी घसरतो. पोहणे हे पाण्यात राहण्याचे कौशल्य आहे, प्लॅस्टिकवर चढण्याचे नव्हे. खोली काठापासून दोन पावलांवरच डोक्यावर जाते.

म्हणून शेततळ्याच्या बातम्या एकेरी नसतात. आमच्या जिल्ह्यातली वर्तमानपत्रे उन्हाळ्याच्या सुट्टीत उघडून पाहा. एक मूल पाय धुवायला जाते, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला आई उतरते. शिंगणापूरची आख्यायिका सांगते की पुरात वाहत आलेली शनिदेवाची शिळा कुणाला हलेना, शेवटी मामा-भाच्यांनी ती उचलली. प्लॅस्टिकच्या तळ्यात मामा-भाच्यांचे बळही पुरत नाही. दोघेही आतच राहतात.

हे मी बैठकीत सांगितले तेव्हा क्षणभर सगळे गप्प झाले. मग उत्तरे सुरू झाली. ती सगळी मी लिहून ठेवली आहेत, कारण तीच उत्तरे प्रत्येक मळ्यात मिळतात.

पहिले उत्तर : "पोरांना सांगून ठेवू, तिकडं जायाचं नाय म्हणून." सांगून ठेवण्यावर जग चालले असते तर आमच्या बँकेला वसुली खाते ठेवावे लागले नसते. मोठी, शहाणी, सही करता येणारी माणसे तीन-तीन वेळा लेखी सांगूनही ऐकत नाहीत. पाच वर्षांचे पोर तोंडी सांगितलेले किती ऐकेल?

दुसरे उत्तर : "आम्ही न्हाय का इहिरीत पोहायला शिकलो?" शिकलात, मान्य. पण कसे शिकलात ते आठवा. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधलेला, वर काठावर काका उभे, विहिरीला दगडी पायऱ्या किंवा भिंतीतून पुढे आलेले चिरे, मोटारीचा पाईप, लोंबणारा दोर. बोटे अडकवायला शंभर जागा होत्या. जुन्या गवंड्याने विहीर बांधताना माणूस आत पडणार हे गृहीत धरले होते. नवे तळे खणताना आपण फक्त पाणी धरले आहे.

तिसरे उत्तर जास्त हुशारीचे : "म्हणून तर घरापुढं घेतोय. सारखी नजर राहील." हे उत्तर ऐकायला फार बरे वाटते, पण ते खोटे आहे. तळे खणले की निघालेली माती चारी बाजूंनी भरावाला लागते. तो भराव पुरुषभर उंच होतो. चुलीपाशी बसलेल्या माणसाला दिसतो तो भराव, पाणी नव्हे. मूल भराव चढून पलीकडे उतरले की ते घरापासून पन्नास पावलांवर असूनही दिसत नाही. आणि बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही. त्याला श्वासच पुरत नाही, ओरडणार कशाने? तेव्हा घरापुढचे तळे म्हणजे नजरेसमोरचे तळे नव्हे. ते फक्त मुलाला जवळ पडणारे तळे आहे.

चौथे उत्तर : "लांब घेऊ मग, पार त्या टोकाला." लांब घेतले तरी शेजाऱ्याच्या वस्तीला ते जवळ पडतेच. ऊसतोडीला आलेल्या टोळीची कोपी कुठे पडेल हे आपण सांगू शकत नाही. त्यांची पोरे दिवसभर एकटीच असतात, आणि त्यांना तुमच्या तळ्याबद्दल कुणीच काही सांगून ठेवलेले नसते.

म्हणजे जागा कोणतीही घ्या, ती एकटी पुरत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आधी दाराची जागा ठरवा, मग तळ्याची. चारी बाजूंनी कुंपण, त्याला एकच फाटक, आणि फाटकाला मुलाचा हात पोचणार नाही अशी कडी.

हे वाक्य शनिशिंगणापुरात उच्चारायला धीर लागतो.

आबा गंभीर झाले. म्हणाले, "दाजी, आवो, आमच्या घराला दार न्हाय, कपाटाला कुलूप न्हाय. आन् तुम्ही मळ्यात फाटक लावाया सांगता? गाव काय म्हणंल? देव काय म्हणंल?"

या प्रश्नाची थट्टा मी करणार नाही. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्यावर विश्वास टाकून उघड्या घरात झोप घेतली, त्या गावापुढे माझ्यासारख्या माणसाने नम्रच असावे. मी दिवसातून चार वेळा गल्ल्याची किल्ली खिशात आहे ना ते चाचपतो. पण दार नसण्याचा तो नियम चोरासाठी आहे. चोराला देवाचा धाक आहे, म्हणून त्याच्यासाठी दार नको. पाण्याला कुणाचाच धाक नाही. पाण्याने शनिमाहात्म्य वाचलेले नाही. आणि आत जाणारे पोर चोर नाही, की त्याला देवाने शासन करावे. उलट दार नसलेल्या गावात पोर सकाळी उठते आणि सरळ चालू लागते. त्याला अडवणारा एक उंबरासुद्धा नसतो. इतर गावांना तळ्याचे कुंपण एकदा हवे असेल तर शिंगणापूरला ते दोनदा हवे.

जगात हे शहाणपण दाराशी भांडून नव्हे, कायद्याने आले. न्यूझीलंडने १९८७ साली पोहण्याच्या तलावांना कुंपण घालण्याचा कायदाच केला. ऑस्ट्रेलियात घरच्या तलावाभोवती एक मीटर वीस सेंटिमीटर उंचीचे कुंपण लागते, आणि त्याचे फाटक आपोआप बंद झाले पाहिजे. फ्रान्सने २००३ साली कायदा केला : कुंपण, आच्छादन, छप्पर किंवा धोक्याची घंटा, यांतले काहीतरी एक लावाच. तिथले लोक आपल्यापेक्षा भित्रे आहेत असे नाही. तलावाला लागणाऱ्या खर्चात त्यांनी दार धरले, इतकेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली, आणि त्यांतली जवळजवळ पाव पाच वर्षांखालची होती. त्यावर संघटना सुचवते तो पहिल्या उपायांतला एक म्हणजे पाण्यापाशी जायच्या वाटेवर आड घालणे. एवढ्या मोठ्या संघटनेने शेवटी सांगितले काय, तर दार लावा.

आता थोडे माझ्या धंद्यातले. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक कॅशियरकडे, एक साहेबाकडे. दोघे हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. यात कॅशियरवर अविश्वास नाही, साहेबावरही नाही. एकटा माणूस तिजोरीपाशी असू नये, एवढाच त्यातला अर्थ. बावीस लाख लिटरच्या ठेवीला हाच नियम लावा. मोटार काढायची असो, फुटव्हॉल्व्ह साफ करायचा असो, शेवाळ ओढायचे असो, तळ्यावर एकट्याने जायचे नाही. एक आत, एक वर. शिवाय चारी बाजूंना गाठी मारलेले जाड दोर खुंटीला बांधून पाण्यापर्यंत सोडा, ट्रकच्या जुन्या ट्यूबा हवा भरून त्याला अडकवा, एक दोराची शिडी कायमची टाकून ठेवा. या वस्तू भंगारवाल्याकडेही मिळतात. त्यांना अनुदानाचा अर्ज लागत नाही, सातबारा लागत नाही, माझी ओळख तर मुळीच लागत नाही. आणि बुडणाऱ्याला काढायला उडी मारायची नाही. दोर टाकायचा, साडी टाकायची, काठी पुढे करायची. हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तळे भरायच्या आधी शिकवायचे.

आबांपुढचा कागद मी शेवटी मागून घेतला. त्यावर पोकलेनचे तास होते, प्लॅस्टिक होते, वेल्डिंग होते, मोटार होती, नारळ आणि पेढेसुद्धा होते. कुंपण नव्हते. पेढ्याच्या खाली मी एक ओळ लिहिली. आबांनी ती वाचली आणि काही बोलले नाहीत.

बोलल्या त्या सासूबाई. इतका वेळ त्या चौकटीत बसून शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "रातच्याला कुत्रं आत येऊ नये म्हणून चौकटीला फळी आडवी लावतोच ना आपण? देव त्याला कधी रागावला? कुत्र्यासाठी फळी चालती, आन् पोरासाठी चालत न्हाय व्हय?"

एवढ्या वेळात बैठकीतले हे पहिले वाक्य असे होते की ज्याला कुणाकडे उत्तर नव्हते. तरी पुरुषमंडळींना हरल्याचे मान्य करायला एखादे कारण लागते. ते पोकलेनवाल्याने पुरवले. तो म्हणाला, "तसं कुंपण बरंच असतं. कुत्री आत उतरली तर नखांनी प्लॅस्टिक फाडतात." हे ऐकताच चुलत मेहुणे सावरून बसले. प्लॅस्टिक फाटते म्हणजे गंभीर बाब! कुंपण ताबडतोब मंजूर झाले.

मी वाद घातला नाही. प्लॅस्टिक वाचवण्यासाठी बांधलेल्या कुंपणातून पोरही वाचते, आणि तार काही हेतू विचारून उभी राहत नाही. पण ज्या कोणाच्या मळ्यात तळे आहे त्यांना माझे विचारणे आहे, की कुत्र्याच्या नखांचा हिशेब आपण जितक्या चटकन करतो, तितक्या चटकन नातवाच्या पावलांचा का करत नाही? तळे ईशान्येला घ्या, डीपीपाशी घ्या, पाहुण्यांना दिसेल असे घ्या. माझी हरकत नाही. पण प्लॅस्टिक अंथरण्याआधी खांब रोवा, पाणी सोडण्याआधी कडी लावा.

शनिदेवाने स्वतःसाठी छप्परही मागितले नाही. तो उघड्या चौथऱ्यावर ऊनपावसात उभा आहे. त्याला दार नको, गावाला दार नको, बँकेलाही नको, कबूल. तळ्याला तेवढे लावा.